जास्वंदीचे कूळ आणि मूळ



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. फुलाच्या बाबतीत मात्र तशी बंदी कोणी घातल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा आपणा सर्वांच्या अंगणात, परसात, निदान शेजाऱ्याच्या कुंपणाशी तरी जे फूल रोज सकाळी उमलते आणि सायंकाळी मिटून गळून पडते, त्या जास्वंदीच्या कुळाची व मुळाची आज थोडी चौकशी करावी, असे मी योजिले आहे.

हे फूल तसे उपेक्षितच. त्याला वास नाही. मोगरा, जाई, चाफा, बकुळ यांच्याविषयी कवींनी जे लिहिले त्याच्या दशांशही जास्वंदीच्या वाट्याला आले नाही. वेणीत ती शोभत नाही, गजऱ्यात ओवली जात नाही, फुलदाणीत दुसरा दिवस काढीत नाही. पण महाराष्ट्रातील घरे एका बाजूने मोजीत गेल्यास तुळशीच्या खालोखाल जे झाड सर्वांत अधिक घरी आढळेल, ते बहुधा हेच. ज्याला वास नाही, ज्याचे फळ खाता येत नाही, ज्याचे लाकूड चुलीलाही विशेष उपयोगी नाही, असे झाड इतक्या घरी काय म्हणून असावे? ते तेथे आले कोठून? प्रश्न दिसावयास लहान आहे; उत्तर शोधू गेले म्हणजे माणूस उज्जयिनीपासून ताहितीपर्यंत हिंडून येतो.

प्रथम नावाकडे पाहू. संस्कृतात या फुलाला जपा किंवा जवा म्हणतात. जपासुमन या जोडशब्दाची प्राकृतात झीज होऊन जासुमण, जासुअण अशी रूपे झाली आणि त्यांतूनच आपली जास्वंद व गुजराथ्यांची जासूद निघाली, अशी व्युत्पत्ती लावली जाते. बंगाल्यांनी मूळचा जवा शब्दच ठेवला. ते त्याचा उच्चार जोबा असा करतात. कानडीत दासवाळ, आणि त्याच्याच शेजारचे कोकणीतील दासवण. मल्याळी लोक चेंबरत्ती म्हणतात. तेलुगूत आणि उडियात याला मंदार असे नाव आहे, आणि येथे मोठी गंमत आहे. कारण संस्कृतातील मंदार हे स्वर्गातल्या पाच वृक्षांपैकी एक असून, पृथ्वीवर ते नाव कोणी पांगाऱ्याला देतात तर कोणी रुईला. एकाच नावाखाली तीन झाडे सुखाने नांदत आहेत. वनस्पतींच्या नावांवर इतिहासाच्या इमारती उभारणारांनी हे उदाहरण नेहमी डोळ्यांपुढे ठेवावे.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात जपेला आणखी एक नाव दिले आहे, ते ओड्रपुष्प. ओड्र म्हणजे आजचा ओडिशा. हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता वाङ्मयातील पुरावा. मेघदूतात यक्ष मेघाला उज्जयिनीच्या महाकाळाच्या देवळावर थांबावयास सांगतो, आणि सायंकाळी शिव नृत्यास उभा राहिला म्हणजे तू ताज्या जपापुष्पासारखी लाली अंगावर धारण कर, असे विनवितो. कालिदासाचा काळ इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचा धरतात. ज्या अर्थी कवी उपमा म्हणून हे फूल घेतो, त्या अर्थी ते ऐकणाराच्या परिचयाचे होते. उपमेत अनोळखी वस्तू कोणी घालीत नाही. नवग्रहांच्या स्तोत्रात सूर्याचे वर्णन जपाकुसुमाच्या कांतीने केले आहे, ते तर मुंज झालेल्या प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेले असते. ललितासहस्रनामात देवीच्या एका नावात हेच फूल गुंफलेले आहे. आणि आमच्या तत्त्वज्ञांनी तर याला शाळेतल्या शिक्षकाप्रमाणे राबविले. पांढरा स्वच्छ स्फटिक जास्वंदीजवळ ठेवला की तो तांबडा दिसू लागतो. फूल दूर केले की पूर्ववत् पांढरा. तद्वत् आत्मा स्वतः शुद्ध असून बुद्धीच्या सान्निध्याने रंगलेला भासतो. सांख्य आणि वेदान्त या दोहोंच्या ग्रंथांत हा दृष्टान्त वारंवार येतो. वर्गात मी काचेचा लोलक आणि जास्वंदीचे फूल नेऊन हा प्रयोग मुलांस दाखवीत असे. उपाधी म्हणजे काय, ते सातवीतल्या मुलालाही तेवढ्यात समजते. न समजल्यास निदान फूल तरी जवळून पाहून होते.

या सर्व उल्लेखांत एक गोष्ट समान आहे. कवीला काय, भक्ताला काय आणि तत्त्ववेत्त्याला काय, जास्वंदीतले जे हवे आहे ते तिचे तांबडेपण. आणि आणखी एक गोष्ट अशी की, यांत कोठेही गणपती नाही.

हे ऐकून कोणी दचकतील. आज महाराष्ट्रात जास्वंद म्हटली की गणपतीच आठवतो. परंतु अथर्वशीर्षात गणपतीला तांबडी फुले प्रिय असल्याचे म्हटले आहे. अमुक एक फूल असे नाव घेतलेले नाही. भाद्रपद चतुर्थीला वाहावयाच्या एकवीस पत्री सांगितल्या आहेत, त्यांत माका आहे, आघाडा आहे, डोरली आहे, कण्हेर आहे, देवदारसुद्धा आहे; जास्वंदीचे पान नाही. मग हे नाते जुळले कसे? माझी समजूत अशी की, ते शास्त्राने जुळविले नसून अंगणाने जुळविले. देवाला तांबडे फूल पाहिजे, ते रोज पाहिजे, आणि आपल्या हवेत बाराही महिने तांबडे फूल देणारे झाड एकच. कण्हेर आहे, पण ती विषारी; गुरे-वासरे व पोरे यांच्या भयाने दारात लावावयास लोक कचरतात. शिवाय जास्वंद एका दिवसाचे फूल आहे. ते साठवून ठेवता येत नाही, बाजारात दोन दिवस टिकत नाही. म्हणून ज्याला रोजची पूजा करावयाची त्याने झाड स्वतःच्या दारी लावणे भाग. सांगली-तासगावला पटवर्धनांनी गणपतीची देवळे उभारली. खाली वाईस कृष्णेच्या घाटावर १७६२ साली रास्त्यांनी ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले. कृष्णाकाठच्या या टापूत गणपतीची उपासना घरोघर होती, आणि तिच्याबरोबर जास्वंदही वाड्यावाड्यातून शिरली असावी. बंगालात हेच फूल कालीमातेचे झाले. तेथे जोब्याच्या माळेवाचून कालीची पूजा पुरी होत नाही. देव निराळे, गरज एकच.

१८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि मोठ्या मूर्तींस मोठे हार आले. एका दिवसाचे फूल बाजारात आणणे हे संकट खरे, पण फुलवाल्यांनी त्यावर तोड काढली आहे. जास्वंदीची फुगलेली कळी आदल्या सायंकाळी खुडून ठेवली तरी सकाळी ती पाण्यावाचूनही उमलते. म्हणून बाजारात फुले येत नाहीत, कळ्या येतात. आणि ज्यांना कळ्या विकत घ्यावयाच्या नसतात, ते पहाटे हातात आकडी घेऊन इतरांच्या कुंपणावरून फिरतात. देवासाठी केलेली चोरी ही चोरी नव्हे, असा या मंडळींचा दृढ समज आहे. झाडाच्या धन्याचा समज निराळा असतो.

आता समुद्रापलीकडचे साक्षीदार बोलावू. कोचीन येथे डच कंपनीचा हेन्ड्रिक फान रीड नावाचा अधिकारी होता. त्याने मलबारातील वनस्पतींचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. त्याचे बारा भाग ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापून निघाले, आणि त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने व चित्रे आहेत. मराठी श्रोत्यांना जवळची वाटावी अशी एक गोष्ट त्यात आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांनी या कामी साहाय्य केले, आणि १६७५ साली नागरी लिपीत व कोकणी भाषेत त्यांनी लिहून दिलेला दाखला पहिल्या भागात छापलेला आहे. चित्रांवर झाडांची नावे निरनिराळ्या लिप्यांत कोरली असून त्यांत आपली नागरीही आहे. रायगडावर शिवाजीमहाराज राज्य करीत होते, त्याच काळात तिकडे दूर हॉलंडात आपली अक्षरे तांब्याच्या पत्र्यावर कोरली जात होती. या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ‘शेम-परिती’ या नावाने जास्वंद आली आहे. चेंबरत्तीचाच तो डच कानांनी ऐकलेला अवतार.

पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनीअस याने जगातील वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा जास्वंदीला ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’ हे नाव मिळाले. रोझा-सायनेन्सिस म्हणजे चीनचा गुलाब. तेव्हापासून सर्व पुस्तकांतून जास्वंद चिनी ठरली. परंतु लिनीअसच्या भौगोलिक नावांवर फारसा विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. याच वर्गातील दुसऱ्या एका झुडपाला त्याने ‘सिरियाकस’, म्हणजे सिरिया देशचे, असे नाव दिले. आणि ते झुडूप मूळचे पूर्व आशियातील निघाले. कोरियाच्या लोकांनी तर त्याला आपले राष्ट्रीय फूल मानले आहे. युरोपीय लोकांस एखादे झाड ज्याच्या बागेत प्रथम दिसले, त्याच्या मालकीचे ते समजून मोकळे होत.

मग चिनी लोक स्वतः काय म्हणतात? दक्षिणेकडील वनस्पतींवरचा एक जुना चिनी ग्रंथ आहे. तो इसवी सन ३०४ मध्ये जी हान याने लिहिला असे परंपरा सांगते. काही पंडित तो पुष्कळ नंतरचा मानतात. त्यात तांबड्या जास्वंदीचे वर्णन आहे, आणि ते इतके बरोबर आहे की लिहिणाराने झाड स्वतः पाहिले होते यात शंका राहत नाही. फूल सकाळी उमलते व सायंकाळी गळते, असे तो सांगतो. फांदी खोचली की जगते, असेही सांगतो. मात्र हे झाड त्याच्या दृष्टीने दूरच्या दक्षिण प्रांतांतले नवलाचे झाड आहे. याच फुलाला चिनी लोक फुसांग असेही म्हणतात, आणि त्यांच्या पुराणकथेतील फुसांग हा पूर्वसमुद्रातील असा वृक्ष, की ज्याच्यावरून सूर्य उगवतो. आम्ही सूर्याला जास्वंदीची उपमा दिली. त्यांनी जास्वंदीला सूर्याच्या झाडाचे नाव दिले.

येथे अमरकोशातील ओड्रपुष्प आठवावे. युरोपीय म्हणतात हे फूल चीनचे. चिनी म्हणतात दक्षिणेचे. आमचा कोशकार म्हणतो ओड्र देशाचे, म्हणजे पूर्वकिनाऱ्याचे, जेथून गलबते पूर्वेकडील बेटांस जात व येत. ज्याने त्याने ज्या दारातून हे फूल आत येताना पाहिले, त्या दाराचे नाव त्याला देऊन टाकले. घर कोणाचे ते कोणीच पाहिले नाही.

घर सापडत नाही, याचे कारण खुद्द फुलातच आहे. शाळेत वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा जास्वंदीवर देतात, तो योग्यच आहे. कारण फुलाचे सगळे अवयव हिच्यात मोठ्या अक्षरांत छापल्यासारखे असतात. बाहेर बारीक पट्ट्यांचा अपिसंवर्त, आत हिरवा संवर्त, मग पाच पाकळ्यांचा पुष्पमुकुट. मधोमध केसरदलांचे तंतू एकमेकांस चिकटून झालेली लांब नळी, तिच्यावर पिवळे परागकोश, आणि त्या नळीच्या पोटातून बाहेर पडलेली पाच तांबडी मखमली टोके. सगळे केसर एका गठ्ठ्यात बांधलेले, म्हणून लिनीअसने असल्या फुलांचा एक स्वतंत्र वर्गच केला होता. भेंडी, कापूस, अंबाडी, परसपिंपळ यांची फुले जास्वंदीशेजारी ठेवून पाहावीत. एका आईची लेकरे ओळखू येतात. भेंडीला भेंड्या धरतात, कापसाला बोंडे येतात, अंबाडीला बोंडे येऊन बी पडते. जास्वंदीला मात्र आपल्या अंगणात फळ धरताना सहसा कोणी पाहिलेले नाही. एवढी सगळी सामग्री, एवढा पराग, शिंजीर पक्ष्यांची एवढी ये-जा, आणि फलित शून्य.

वनस्पतिशास्त्रज्ञ याचा अर्थ असा लावतात की, हे झाड फार जुन्या काळी दोन निराळ्या जातींच्या संकरातून उत्पन्न झाले आहे. त्याच्या पेशींतील रंगसूत्रांची संख्या प्रकाराप्रकारांत निरनिराळी व विषम असते. आणि स्वतःच्या परागाने ते सहसा फळत नाही. भारतात किंवा चीनमध्ये कोणत्याही अरण्यात आपोआप वाढलेली जास्वंद आढळत नाही. जेथे आहे तेथे माणसाने लावलेली आहे, आणि तीही बी पेरून नव्हे, फांदी खोचून. फांदी म्हणजे मुलगी नव्हे. ती त्याच झाडाचा तुकडा. एका गावातील साध्या तांबड्या पाच पाकळ्यांच्या जास्वंदी म्हणजे पुष्कळदा एकच झाड शंभर अंगणांत विभागून उभे असते.

अशा झाडात क्वचित् एक चमत्कार घडतो. रामकृष्ण परमहंसांच्या चरित्रात कथा आहे, की ईश्वराला स्वतःचे नियम मोडता येतात की नाही, यावर मथुरबाबूंशी त्यांचा वाद झाला. तांबड्या जास्वंदीच्या झाडाला पांढरे फूल देवही आणू शकणार नाही, असे मथुरबाबू म्हणाले. दुसऱ्या दिवशी दक्षिणेश्वरच्या बागेत एकाच फांदीवर एक तांबडे व एक पांढरे फूल परमहंसांना दिसले, आणि ती फांदी त्यांनी मथुरबाबूंपुढे ठेवली. भाविकांनी याचा अर्थ आपल्यापरी घ्यावा. बागकाम करणारांस ठाऊक आहे की, एखाद्या डोळ्यात आकस्मिक फरक होऊन त्यातून निघालेली फांदी निराळ्या रंगाची फुले देते, आणि ती फांदी वेगळी लावली की नवा प्रकार हाती येतो. जास्वंदीचे कित्येक प्रकार असेच मिळालेले आहेत. दुसरे मुद्दाम संकर करून झाले. मॉरिशस बेटात चार्ल्स टेल्फेअर याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागात तेथील रानटी जातीशी हिचा संकर केला. पुढे हवाई बेटात तर या छंदाला ऊत आला. आज रोपवाटिकेत बशीएवढ्या, पिवळ्या, नारिंगी, जांभळट, दुरंगी जास्वंदी दिसतात, त्या या घराण्यातल्या. त्यांची मुळे अनेकदा नाजूक निघतात, म्हणून त्यांची कलमे जुन्या तांबड्या जास्वंदीच्या खुंटावर बांधतात. वर नव्या सुनेचा थाट, खाली जुन्या सासूचे बळ.

पाचगणीसारख्या ठिकाणी जास्वंद लावणाराला थोडे निराळे अनुभव येतात, ते सांगितले पाहिजेत. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांच्या आसपास उंच आहे. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी येथे वसाहत वसविली आणि बाहेरची झाडे आणून लावली. सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा, पॉइन्सेटिया मेक्सिकोचा. आज सिल्व्हर ओकवाचून पाचगणीचे चित्र कोणी काढीत नाही, आणि नाताळच्या सुमारास बंगल्यांच्या कुंपणांवर पॉइन्सेटियाची तांबडी पाने पाहून पाहुणे त्यांनाच फुले समजतात. जास्वंद मात्र या बंगलेवाल्यांच्या वाटेने आलेली दिसत नाही. ती दांडेघर, गोडवली, खिंगर अशा जुन्या वस्त्यांतून घरांच्या मागच्या दाराशी, मोरीच्या पाण्यावर वाढलेली असते. माझ्या समजुतीने ती पसरणीच्या घाटाने वाईहूनच वर चढली.

आषाढ-श्रावणातील धुके आणि संततधार तिला मानवत नाही. कळ्या न उमलताच गळतात. जांभ्याच्या तांबड्या मातीत पाणी साचत नाही हा फायदा आहे, पण ती माती भुकेली. शेणखत सढळ हाताने घालावे लागते. मार्गशीर्ष-पौषातील थंडीत फूल लहान येते, पण रंग गडद होतो आणि कित्येकदा ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. खाली वाईस हे सुख नाही. पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून भिंत किंवा घर असावे. जास्वंदीला फुले येतात ती नव्या फुटव्यांवर, म्हणून पाऊस उघडल्यावर निर्दयपणे छाटणी करावी. दया करणाराच्या झाडाला उंची येते, फुले येत नाहीत. करंगळीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, जून झालेली फांदी मृगात घ्यावी, खालची पाने काढून दोन डोळे मातीत जातील अशी खोचावी. चोरून आणलेली फांदी लवकर धरते, असे आमच्याकडे बायका म्हणतात. पिठ्या ढेकूण हा हिचा मोठा वैरी. पांढरा कापूस पेरांत दिसू लागला की ती फांदी तोडून जाळून टाकावी, फवारण्या मागाहून.

घरगुती उपयोग थोडे आहेत. भावप्रकाशात हिला केसांना हितकर म्हटले आहे, आणि खोबरेल तेलात फुले कढविण्याची चाल अद्याप चालू आहे. जावा बेटात हिला जोड्याचे फूल अशा अर्थाचे नाव आहे, कारण पाकळ्यांचा रस चोळला की कातडे काळेभोर होते. इंग्रजीतही तेच नाव रूढ होते. देवाच्या मस्तकी आणि साहेबाच्या पायी, असे हिचे दोन्हीकडे चालले. शिक्षकांस एक सूचना. पाकळ्या कोमट पाण्यात ठेवून ते पाणी गाळून घ्यावे. त्यात लिंबू पिळले तर गडद गुलाबी होते. खाण्याचा सोडा घातला तर हिरवे. आम्ल व अल्क ओळखण्यास याहून स्वस्त साधन नाही.

आता पुन्हा मुळाकडे. अलीकडच्या काही वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञांनी असे मत मांडले आहे की, जास्वंदीचे जनक पॅसिफिक महासागरात आहेत. वानुआतू बेटांतील एक जात आणि ताहितीकडील दुसरी जात यांच्या संकरातून, तेथील दर्यावर्दी लोकांच्या हातून ती जन्मली, आणि गलबतांतून पश्चिमेस आली. चीनच्या मालकीचा दावा यामुळे फारच दुबळा होतो. परंतु या मतालाही एक अडचण आहे, आणि ती आपल्या कालिदासाने घातलेली आहे. ताहितीच्या बाजूच्या बेटांवर मनुष्याची वस्ती इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास झाली, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. माणूस पोहोचण्यापूर्वी पाच-सहाशे वर्षे त्या संकराचे फूल उज्जयिनीस कसे उमलावे? एक तर त्या बेटांचा काळ मागे न्यावा लागेल, किंवा संकर आणखी कोठे तरी झाला असे मानावे लागेल, किंवा कालिदासाची जपा ही हिची एखादी लुप्त झालेली तांबडी बहीण होती असे म्हणावे लागेल. मला यांपैकी दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. कारण जपा हे नाव हजार-दीड हजार वर्षे लोकांच्या तोंडी अखंड चालत आले आहे, आणि रोजच्या पूजेतील झाड मधल्या मध्ये बदलले तर त्याची काही तरी खूण भाषेत राहिली असती.

हा सारा खटाटोप मी का केला, ते सांगतो. २०१७ साली चिनी वस्तू घेऊ नयेत असे वारे वाहत होते. वर्गात जास्वंदीचा धडा चालू असता पुस्तकातील चायना रोझ हे नाव वाचून एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, मग हे फूल गणपतीला चालते कसे? आमच्या आजीला सांगू का, झाड काढून टाक म्हणून?” काही मुले हसली. मला हसू आले नाही, कारण मुलाने थट्टा केली नव्हती. आजीचे झाड राहावे की जावे, हा त्याच्यापुढे खरोखरीच प्रश्न होता.

मी उत्तर दिले नाही. मुलांस सांगितले की, प्रत्येकाने घरी जाऊन विचारावे: आपले जास्वंदीचे झाड कोठून आले? ज्याने आणले त्याने कोणाकडून आणले? आणि त्याच्याही मागे कोणास काही आठवते काय? एका आठवड्याने वह्या गोळा केल्या. एकाही मुलाच्या घरी बी पेरलेले नव्हते. रोपवाटिकेतून विकत आणलेली झाडे थोडी. बाकी सारी फांदीने आलेली. कोणाची शेजारणीने दिलेली. कोणाची आईने माहेरहून, बावधनहून आणलेली, तिथे ती मावशीने मेणवलीहून आणलेली. एका मुलाच्या आजोबांनी बंगल्यावर माळीकाम करताना छाटलेल्या फांद्यांतून एक उचलली होती. एकीची फांदी मिरजेहून एस. टी.च्या टपावर बसून आली होती. पुष्कळ वह्यांत पहिले नाव बाईचे होते. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही, तिचे नाव येथे सापडत होते.

ज्याने प्रश्न विचारला त्याची वही सर्वांच्या मागाहून आली, कारण त्याला चौकशीस पाटणच्या बाजूला जावे लागले. त्याच्या आजीने झाड लावले ते तिच्या आईकडून आणून. आणि ती आई, म्हणजे मुलाची पणजी, तेव्हा हयात होती. कोयनेचे धरण बांधले जात असता, १९६० च्या मागेपुढे, त्यांचे गाव पाण्याखाली जावयाचे म्हणून उठले. घराचे वासे, दरवाजे, जाते, देव बैलगाडीत भरले. निघताना म्हातारीने, तेव्हा ती तरुण होती, मागच्या दारच्या जास्वंदीच्या चार फांद्या तोडल्या, ओल्या फडक्यात बांधून वर केळीच्या सोपटाने गुंडाळल्या, आणि मांडीवर घेऊन बसली. चारांपैकी दोन जगल्या. मूळचे झाड त्या पावसाळ्यानंतर कोणी पाहिले नाही. पाण्याची पातळी उतरली तरी तो भाग उघडा पडत नाही.

मुलाने वहीत शेवटी लिहिले होते, की त्या गावचे आता त्यांच्याकडे काय उरले असे पणजीला विचारले, तेव्हा तिने दोन गोष्टी दाखविल्या: पितळेची एक घंटा आणि अंगणातली जास्वंद. त्याच्या पुढच्या मृगात त्याने त्या झाडाची फांदी आणून शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे खोचली. मी सेवानिवृत्त झालो तेव्हा ती माझ्या खांद्याला लागत होती आणि तिच्यावर फुले होती, साधी, तांबडी, पाच पाकळ्यांची.